घरात पिसवा झाल्या तर: फवाऱ्याच्या आधी आणि नंतर करायची कामं

पिसवा झालेल्या बहुतेक घरांत एकच क्रम दिसतो. आधी चार-आठ दिवस घोट्याला खाज. मग 'डास असतील' म्हणून मशीन लावलं जातं. मग कुणाच्या तरी पोटरीवरून एक काळा ठिपका उडी मारताना दिसतो आणि त्याच संध्याकाळी दुकानातून फवारा येतो. घरभर फवारलं की दोन-तीन दिवस बरे जातात, आणि पंधरवड्याच्या आत पुन्हा सगळं जसंच्या तसं. लोक फवाऱ्याला नावं ठेवतात, कुत्र्याला गॅलरीत बांधतात, नाहीतर मांजराला घराबाहेर काढतात. यातलं काहीच लागू पडत नाही. दिसणाऱ्या पिसवा मारून पिसवा संपत नाहीत, कारण दिसतात त्या फार थोड्या असतात. बाकी सगळा कारभार जमिनीलगत, फटींत आणि कापडाच्या घड्यांत चाललेला असतो.

आधी खात्री करून घ्या

पिसू दोन-तीन मिलिमीटरची, गडद तपकिरी, पंख नसलेली आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते. चिमटीत धरून दाबली तरी सहसा मरत नाही, बोटं सैल केली की उडून जाते. ढेकूण उडी मारत नाही आणि रात्री गादीत चावतो. गोचीड प्राण्याच्या कातडीला चिकटून फुगते. पिसवेचे चावे बहुधा गुडघ्याच्या खाली, घोट्याभोवती आणि मोज्याच्या काठाशी दोन-तीन जवळजवळ असे दिसतात. लाल गांधीच्या मधोमध बारीक टोचल्याची खूण असते. कुत्रा किंवा मांजर अंथरुणात झोपत असेल तर मात्र कमरेवर आणि हातांवरही चावे येतात.

तपासायच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली: पांढरे लांब मोजे घालून संशयाच्या खोलीत कडेकडेने, दिवाणाजवळ, सोफ्यामागे पाच-दहा मिनिटं फिरा. पिसवा असतील तर मोज्यांवर काळे ठिपके चढलेले दिसतील. दुसरी: उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या, प्राण्याला पांढऱ्या ओल्या कागदावर किंवा जुन्या पांढऱ्या चादरीवर उभं करा आणि शेपटीच्या मुळाशी, मानेवर, पोटाखाली फणी फिरवा. काळी मिरपूड शिंपडल्यासारखे कण पडतील. ओल्या कागदावर मिनिटभरात त्या कणांभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे सुकलेलं रक्त. साधी माती असेल तर रंग सुटत नाही. ही फणीची तपासणी मांजराच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे, कारण मांजर अंग चाटताना पिसवा गिळून टाकतं. 'आमच्या मनीच्या अंगावर एकही नाही' असं सांगणाऱ्या घरात मनीच्या गळ्याखाली फणी फिरवली की हे काळे कण हमखास निघतात.

घरात प्राणी नसेल तरी पिसवा होतात. माळ्यावर किंवा खिडकीच्या छज्जावर मांजर व्यायलं होतं का, जिन्याखाली भटकी कुत्री झोपतात का, आधीच्या भाडेकरूकडे कुत्रा होता का, घरात उंदीर-घुशी आहेत का, हे एकदा विचारून घ्या. उंदरांचा मुद्दा वेगळा आहे, त्याकडे पुढे येते.

पिसू वाढते कुठे

हा भाग घाईत वाचू नका, पुढचं सगळं काम यावर अवलंबून आहे.

आपल्याकडे घरात येणारी पिसू बहुधा मांजर-कुत्र्याचीच असते. मांजराची पिसू कुत्र्यावर मजेत राहते, त्यामुळे 'आमच्याकडे तर कुत्रा आहे' म्हणून फरक पडत नाही. मोठी पिसू प्राण्याच्या अंगावर राहून रक्त पिते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते. जोमात असलेली मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ही अंडी जेमतेम अर्धा मिलिमीटरची, पांढरी आणि गुळगुळीत असतात. ती केसांना चिकटत नाहीत, प्राणी जिथे बसेल, झोपेल, अंग झटकेल तिथे गळतात.

दोन ते दहा दिवसांत अंड्यातून अळी निघते. ती चावत नाही. मोठ्या पिसवांची खाली पडलेली विष्ठा हेच तिचं मुख्य खाणं. तिला उजेड नको असतो, म्हणून ती खाली, आत, अंधारात सरकते. तिला दमट हवा लागते. कोरड्या हवेत आणि थेट उन्हात ती सुकून मरते. म्हणूनच कोकणात, मुंबईत, पुण्यात जून ते ऑक्टोबर हा पिसवांचा हंगाम असतो.

मग अळी रेशमासारख्या धाग्याचा चिकट कोष विणते. त्याला धूळ आणि केस चिकटतात आणि तो कचऱ्यात कचरा होऊन जातो. घरगुती फवारा या कोषात शिरत नाही. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर पडत नाही. हादरा, उब, आपल्या श्वासातला वायू, यातलं काही जाणवलं की क्षणात निघते. काहीच जाणवलं नाही तर महिनोन्‌महिने आत थांबू शकते.

पशुवैद्यकात ढोबळ हिशेब असा सांगतात: घरातल्या सगळ्या पिसवांपैकी मोठ्या फक्त ५ टक्के, अंडी ५०, अळ्या ३५ आणि कोष १० टक्के. एका फवाऱ्यात तुम्ही त्या पाच टक्क्यांना गाठता.

परदेशी लेखांत हा सगळा प्रकार भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या गालिच्यात घडतो. आपल्याकडे गालिचा नसतो आणि ही आपली मोठी सोय आहे, पण लपायच्या जागा तितक्याच आहेत: शहाबादी फरशीचे सांधे, दिवाणाखालची धूळ, पायपुसणी, सतरंज्या, गोधड्यांच्या चळती, सोफ्याच्या बैठकीची खाच, लाकडी कपाटाच्या पायामागचा कोपरा, चपलांचा स्टँड, सारवलेल्या जमिनीच्या भेगा, धान्याच्या पोत्यांखालची जागा. आपली लढाई या जागांशी आहे.

एकाच दिवशी सुरुवात

प्राण्याचं औषध, कपडे आणि जमीन ही तिन्ही कामं एकाच दिवशी सुरू करा. कुत्र्याला औषध आज आणि घराची सफाई पुढच्या रविवारी असं केलंत तर मधल्या आठवड्यात अंड्यांतून अळ्या निघालेल्या असतील. सुट्टीचा दिवस निवडा, आदल्या दिवशी औषध आणून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना कामाला लावा.

*प्राणी.* औषध पशुवैद्यांना विचारूनच, आणि घरातल्या प्रत्येक प्राण्याला. एक मांजर सोडलंत तरी पिसवा टिकायला तेवढं पुरे होतं. मानेवर टाकायच्या थेंबांत फिप्रोनिल जुनं आणि सहज मिळणारं आहे. कुत्र्यांसाठी पोटात द्यायच्या गोळ्या आता सगळीकडे मिळतात: अ‍ॅफॉक्सोलानरची महिनाभर चालते, फ्लुरालानरची साधारण बारा आठवडे. कुत्रा गोळीला तयार असेल तर माझं मत गोळीच्या बाजूने आहे. पावसात भिजणाऱ्या, वारंवार आंघोळ लागणाऱ्या कुत्र्याच्या अंगावरचं औषध धुतलं जाईल ही धास्ती राहत नाही. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

थेंब टाकायचे असतील तर दोन दिवस आधी आंघोळ, नंतर दोन दिवस आंघोळ नाही. खांद्यांच्या मधोमध, जिथे प्राण्याची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेंब कातडीवर सोडा. केसांवर ओघळलेलं औषध वाया जातं.

आंघोळ घालताना पहिल्यांदा मानेभोवती साबणाच्या फेसाचं कडं करा. अंग ओलं होताच पिसवा डोक्याकडे पळतात आणि कानांत, डोळ्यांभोवती गोळा होतात. फेसाचं कडं आधी केलं की त्या अडतात. मग मागच्या बाजूने फणी फिरवत या आणि फणीवर आलेलं सगळं शेजारच्या साबणपाण्याच्या तांब्यात झटका. साध्या पाण्यावर पिसू तरंगते, साबणाच्या पाण्यात बुडते. सापडलेली पिसू नखावर चिरडायची आपली जुनी सवय सोडा. तिच्या अंगातले आणि विष्ठेतले जंतू आपल्याच नखांत राहतात.

आता सगळ्यात गंभीर सूचना. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या काही थेंबांत, पावडरींत आणि शाम्पूंत परमेथ्रिन असतं. ते मांजराच्या शरीरात पचत नाही. थरथर, लाळ, झटके आणि मृत्यूपर्यंत गोष्ट जाते. गुरांच्या गोचिडांसाठी पाण्यात मिसळून लावायची औषधं गावाकडे 'थोडं पातळ करून' कुत्र्या-मांजरांना लावतात, तेही नको. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने मांजर धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि वाट न बघता दवाखान्यात न्या. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुठलंही औषध नाही. त्यांच्यासाठी फणी, कोमट पाणी आणि धीर. पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर मात्र थांबू नका, पिसवांनी रक्त शोषून पिल्लं दगावतात.

जंताचं औषधही याच वेळी विचारून घ्या. पिसू गिळली की तिच्यातून कुत्र्या-मांजरांना पट्टकृमी होतो. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले तर तो हाच.

*कापड.* प्राण्याचं अंथरूण, चादरी, अभ्रे, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी, सतरंज्या, सगळं जागेवरच गुंडाळून मोठ्या पिशवीत भरा. घरभर झटकत नेलंत तर अंडी वाटेत सांडतात. साठ अंशांच्या आसपास गरम पाणी आणि साबण लागतो. मशीनला तशी सोय नसेल तर कडकडीत पाण्याच्या बादलीत अर्धा तास भिजत घालून मग धुवा. गोधडी, गादी धुता येत नाही तर कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा. श्रावणात ऊन मिळत नाही हे खरं, म्हणून गादीची शिवण आणि कडा व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि वर गच्च खोळ चढवा. प्राण्याचं फाटकं अंथरूण टाकूनच द्या. हे धुणं पुढे दर चार-पाच दिवसांनी करायचं आहे.

*जमीन.* व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम, नसेल तर शेजाऱ्यांकडून आणा किंवा थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळतो का बघा. फरशीच्या मधोमध फिरवून काही मिळत नाही. अरुंद तोंडाची नळी लावून कडा, सांधे, दिवाणाच्या पायांभोवतीची जागा, सोफ्याची खाच, पायऱ्यांचे कोपरे ओढा. दिवाण सरकवाच. भिंतीला लागलेल्या त्या हातभर पट्टीत केस, धूळ आणि पांढरी पूड साठलेली दिसेल, तोच त्यांचा वाडा. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, हा त्याचा दुसरा फायदा. काम झाल्यावर पिशवी किंवा डबा घराबाहेर रिकामा करा, कचरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून लगेच टाका.

व्हॅक्यूम नसेल तर नुसता झाडू मारू नका, मऊ झाडूने अंडी इकडची तिकडे होतात. सांधे गरम साबणपाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासा, वर आलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या, फडकं त्या साबणाच्या बादलीत पिळा आणि बादली शौचालयात ओता. फरशीचे सांधे उघडे पडले असतील तर नंतर व्हाइट सिमेंटने भरून घ्या. थोडक्या खर्चात कायमची जागा बंद होते. सारवलेल्या जमिनीला पोपडे आलेले भाग खरवडून काढा, भेगा मातीने बुजवा आणि मग सारवा. भेगांवरून नुसतं पातळ सारवण फिरवून उपयोग नाही.

फवारणी लागते का

पिसवा एकाच खोलीत आणि थोड्या असतील, आणि प्राण्याचं औषध नियमित चालू असेल, तर अनेकदा फवारणीशिवाय निभावतं. जास्त असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, पण दोन गोष्टी विचारून. एक: मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधाबरोबर अंडी-अळ्यांची वाढ रोखणारं औषध, म्हणजे पायरिप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रिन, तो वापरणार आहे का. दोन: दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी ठरलेल्या पैशात आहे का. 'एकदा मारलं की वर्षभर बघायला नको' असं सांगणाऱ्याला काम देऊ नका. कोषांमुळे दुसरी फेरी लागतेच.

फवारणीआधी घर व्हॅक्यूम करून घ्या. माशांच्या टाकीची हवा बंद करून ती ओल्या चादरीने झाका, भांडी आणि अन्न आत ठेवा, मुलं आणि प्राणी औषध पूर्ण वाळेपर्यंत बाहेर. मांजर असेल तर ते आधीच सांगा. फवारणीनंतर कडा आणि कोपरे दोन आठवडे ओल्याने पुसू नका, औषध तिथेच काम करत असतं. व्हॅक्यूम मात्र चालू ठेवा.

काही गोष्टी स्पष्टपणे नको म्हणून सांगते. शेतासाठी आणलेलं कीटकनाशक घरात फवारू नका, माणसं दगावतात. रॉकेल टाकू नका. घरात पडून असलेली जुनी गॅमॅक्सिनची पावडर वापरू नका, त्यावर बंदी आहे. डांबरगोळ्या आणि फिनेल मांजरांना घातक आहेत, टी ट्री तेलही तसंच. कडुनिंबाचा धूर केला तर घराला वास येतो, कोष जागचे हलत नाहीत. मीठ, खायचा सोडा, लिंबाचं पाणी यांवर आठवडे घालवू नका, तेवढ्यात एक पिढी वाढते.

पुढचे आठवडे

पहिला आठवडा बहुतेकांना निराश करतो. औषध झालं, सफाई झाली आणि पिसवा उलट जास्त दिसायला लागल्या. हे कोषांतून निघणारे नवे जीव आहेत आणि ते बाहेर येणं आपल्याला हवंच आहे. या वेळी खोली बंद करून ठेवू नका. तिथे वावरा, रोज व्हॅक्यूम फिरवा आणि औषध दिलेल्या कुत्र्याला घरभर फिरू द्या. नव्याने निघालेली पिसू त्याच्यावर चढते आणि अंडी घालायच्या आत मरते. त्याला गॅलरीत बांधलंत तर हीच भुकेली पिसू तुमच्या पायावर येते. औषध दिलेला प्राणी या लढाईतला सगळ्यात कामाचा गडी आहे, त्याला हाकलू नका.

रात्री झोपताना एक पसरट थाळी घ्या, पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थेंब टाका आणि वर हातभर अंतरावर छोटा दिवा लावा. उब आणि उजेडाकडे उडी मारलेल्या पिसवा पाण्यात सापडतात. याने पिसवा संपत नाहीत, पण कुठल्या खोलीत किती आहेत ते कळतं. सकाळी थाळीतल्या मोजून कॅलेंडरवर लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडा उतरायला लागला पाहिजे. उतरत नसेल तर कुठलीतरी जागा किंवा कुठलातरी प्राणी सुटला आहे.

पूर्ण बंद व्हायला सहा ते आठ आठवडे धरा, भर पावसाळ्यात कधी तीन महिने. एकही पिसू दिसेनाशी झाली तरी प्राण्यांचं औषध पुढे चालू ठेवा.

अंगण, जिना, गोठा

बाहेर सगळीकडे फवारायची गरज नसते. उन्हात तापणाऱ्या मोकळ्या जागेत अळी जगत नाही. सावलीतली, मऊ मातीची, प्राणी रोज बसतात ती जागा बघा: जिन्याखाली, ओट्याच्या कडेला, गाडीच्या आडोशाला, सरपणाच्या ढिगामागे, गोठ्याच्या कोपऱ्यात. पालापाचोळा आणि जुनी पोती काढा, माती उकरून ऊन लागू द्या. सोसायटीतली भटकी कुत्री-मांजरं हाकलून प्रश्न सुटत नाही, रिकाम्या जागी दुसरी येतात. त्यांना खायला घालणारी मंडळी ओळखीची असतातच. त्यांच्याशी बोला आणि वर्गणी काढून कुत्र्यांना गोळी द्या. माझ्या मते सोसायटीच्या पैशांचा याहून चांगला उपयोग नाही.

चावे आणि ताप

चावे साबणाने धुवा, बर्फ किंवा कॅलामाइन लोशन लावा, मुलांची नखं कापा. खाजवून चिघळले, चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर डॉक्टरांकडे. चाव्यांनंतर ताप, अंगावर पुरळ किंवा काखेत, जांघेत गाठ आली तर घरात पिसवा आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपणहून सांगितल्याशिवाय ते त्यांच्या लक्षात येणार नाही.

आणि उंदीर. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगने जो हाहाकार केला, तो उंदरांवरच्या पिसवांतून. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या, आणि पिसवेचा हा संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवला तो १८९८ मध्ये. १९९४ साली बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग पुन्हा दिसला. मांजर-कुत्र्याच्या पिसवांमुळे घाबरायचं कारण नाही, पण एक नियम पाळा: उंदीर मेला की त्याच्या पिसवा दुसरं अंग शोधतात. म्हणून घरात पिसवा आणि उंदीर दोन्ही असतील तर आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. औषध न घालता उंदीर पटापट मरून पडायला लागले तर हात न लावता लगेच महापालिकेच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लोकांना कळवा.

बंद घर उघडताना

मे महिन्यात कुलूप लावलेलं गावचं घर गणपतीला उघडलं किंवा रिकामा फ्लॅट भाड्याने घेतला, की पहिल्याच पावलाला पिसवा पायावर येतात. इतके दिवस कोषांत थांबलेल्यांना तुमची चाहूल लागलेली असते. अशा घरात सामान आणि मुलं घेऊन एकदम शिरू नका. एकाने पुढे जावं, पायजमा मोज्यांत खोचून. खिडक्या उघडाव्यात, सगळ्या खोल्यांत पाय आपटत फिरावं म्हणजे कोष फुटतील, मग कडा-कोपरे ओढून घ्यावेत आणि फवारणी करावी. औषध वाळायला रात्र द्यावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हॅक्यूम करावा आणि मगच गाद्या आत आणाव्यात. दुसरी फवारणी दोन-तीन आठवड्यांनी. गणपतीनंतर परत निघणार असाल तर ती कुणी करायची हे निघण्याआधी गावातल्या कुणाशी तरी ठरवून, किल्ली देऊन या.